तांब्याचं तोंड गोल नसतं

पत्र

सर, नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. वय ४७. घरीच शिवणकाम करते, ब्लाऊज जास्त. बावीस वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरीला लागली, मुलगा बारावीला आहे. लहानपणी चित्रं काढायची फार हौस होती. पण सातवीत चित्रकलेच्या सरांनी वहीवर लाल पेनानं 'हात साफ नाही' असं लिहिलं आणि तेव्हा जे सुटलं ते सुटलंच. यंदा मुलीनं माझ्या नावानं टिळकवाडीतल्या एका क्लासचे पैसे भरले. चार रविवार गेले. वर्गात सगळी शाळेतली पोरं. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "काकू, तुमचं पोरगं कुठाय?" सरांनी निसर्गचित्राचं एक कार्ड दिलं, त्यावरून मी काढलेलं त्यांनी खोडून स्वतःच नीट करून दिलं. घरी सगळे छान म्हणाले, पण ते माझं नव्हतंच. मग तांब्या ठेवला. पाच वेळा खोडला तरी तो पडल्यासारखाच दिसतोय. शेजारची नऊ वर्षांची मुलगी दहा मिनिटांत काढून मोकळी झाली. त्यात चष्मा लावला की तांब्या धूसर, काढला की कागद धूसर. नणंद म्हणते, "या वयात पाटी-पेन्सिल घेऊन काय करूलाय वहिनी?" पाचव्या रविवारी गेलेच नाही. क्लासचे सर म्हणतात, चित्रकलेच्या लोअर ग्रेडच्या परीक्षेला बसा. २४ रंगांची पेटी आणि लाकडी स्टँडही मागवून बसलेय. आता जाऊ की सोडून देऊ?

उत्तर

ताई,

आधी त्या नऊ वर्षांच्या मुलीचं बघू. तिनं दहा मिनिटांत तांब्या काढला, कारण समोरचा तांब्या तिनं बघितलाच नसणार. तिच्या डोक्यात एक तांब्या तयार असतो. वर लंबगोल, मध्ये पोट, तळाला आडवी रेघ. तो तिनं कागदावर उतरवला आणि खेळायला गेली. मी एकतीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवली. असे तांबे किती तपासले त्याची मोजदाद नाही. त्यात वाईट काही नाही, त्या वयात तसंच काढतात. पुढं दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास पोराला कळायला लागतं की आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही. बहुतेकांची पेन्सिल तिथंच खाली पडते. तीस-चाळीस वर्षांनी ती परत उचलली की हात जिथं थांबला होता तिथूनच सुरू होतो. वाटतं, आपल्याला येतच नाही. येत नाही असं नसतं, तिथून पुढं केलंच नाही एवढंच.

डोळा मात्र थांबलेला नसतो, आणि तुमचा तर नाहीच नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की एक खांदा उतरता आहे हे टेप लावायच्या आधी ओळखणारा डोळा आहे तो. म्हणजे हात सातवीतला आणि डोळा सत्तेचाळिशीचा, अशी जोडी घेऊन तुम्ही क्लासला बसलाय. त्यांचं भांडण होणारच. तांब्या पडतोय हे तुम्हाला दिसलं, त्या मुलीला तिचा दिसला नाही. शिकवणाऱ्याला विचाराल तर तुमच्यासारखं गिऱ्हाईक परवडतं.

'हात साफ नाही' हा शेरा माझ्याही लाल पेनातून पुष्कळदा उतरला आहे. तुमचे सर मी नव्हे, पण असतो तरी हेच लिहिलं असतं. एका वर्गात पन्नास पोरं, तास चाळीस मिनिटांचा. रंग रेघेबाहेर गेला की 'हात साफ नाही', हा आमचा ठरलेला शेरा होता. त्याचा अर्थ कागदावर डाग पडलेत एवढाच. कुणी तो घरी नेऊन पस्तीस वर्षं जपून ठेवेल असं डोक्यातही आलं नाही. तेव्हा ते सोडा. मी सांगतोय म्हणून तरी सोडा.

आता तांब्या का पडतो ते सांगतो. पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात आवडली.

तुम्ही कापडावर गळा आखता तेव्हा सहा इंच म्हणजे सहा इंच असतात. गोल म्हणजे गोल. मग टक्स मारून त्या सपाट कापडाला गोलाई आणता. चित्रात हेच उलट्या बाजूनं करायचं असतं. गोल वस्तू उचलून सपाट कागदावर बसवायची. तिथं माप माहीत असणं नडतं. तांब्याचं तोंड गोल आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून हात ते दिसतं त्याहून जास्त गोल काढतो. बूड स्टुलावर सपाट टेकलंय हेही माहीत आहे, म्हणून खाली हात सरळ रेघ मारतो. आता बघा काय झालं. तोंड काढलं वरून बघितल्यासारखं आणि बूड काढलं समोरून बघितल्यासारखं. एकाच तांब्याकडं दोन ठिकाणी उभं राहून बघितलं. तो पडणार नाही तर काय करणार?

उद्या दुपारी मशीन थांबलं की स्वयंपाकघरातला तांब्या घ्या. कागद-पेन्सिल अजिबात नको. एक डोळा मिटा आणि तांब्या हळूहळू वर न्या. तोंडाची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली की तोंड नाहीसंच होतं, नुसती आडवी रेघ राहते. आता सावकाश खाली आणा. रेघ उघडायला लागते, झोपेतल्या माणसानं डोळे किलकिले करावेत तशी. अजून खाली आणलं की अजून उघडते. पायाशी जमिनीवर ठेवून वरून वाकून बघाल तेव्हा ती जवळजवळ पूर्ण गोल झालेली असते. तांब्या तोच, तोंड तेच, पण दर वितीला त्याचा आकार बदलत गेला. हे पाच-सहा वेळा करा. घरातले बघतील, बघू देत.

हे एकदा डोळ्यांत बसलं की बुडाचं कोडं आपोआप सुटतं. तोंडापेक्षा बूड तुमच्या डोळ्यांपासून जास्त खाली आहे ना? मग तोंडाचा लंबगोल जेवढा उघडा, त्याहून बुडाचा वळसा थोडा जास्तच उघडा असणार. म्हणजे खाली सरळ रेघ नाही, चांगला पोटात भरलेला वळसा. एवढी एक रेघ बदला आणि तांब्या स्टुलावर नीट बसतो. माझ्या वर्गात हे एखाद्या पोराला उमगायचं तेव्हा ते स्वतःच "अरे!" म्हणायचं. आणखी एक बारीक गोष्ट आहे. लंबगोलाची दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार करू नका. तिथंही रेघ वळतच असते. बाही जोडायच्या मुंढ्याची गोलाई खडूनं काढताना खाली तुमचा हात कसा न थांबता वळतो, तशी वळवा. ती गोलाई तुम्ही पट्टी न लावता काढता ना? मग 'हात साफ नाही' म्हणणाऱ्याला एक मुंढा काढून दाखवायला सांगा.

माप घ्यायचं, पण टेपनं नाही. हात कोपरात न वाकवता पुढं ताठ धरा, पेन्सिल उभी, एक डोळा बंद. पेन्सिलीचं टोक तांब्याच्या वरच्या कडेला लावा आणि अंगठा सरकवत बुडापर्यंत आणा. ही झाली उंची. आता हात तसाच ठेवून पेन्सिल आडवी करा आणि बघा, पोटाची रुंदी तेवढीच आहे, कमी आहे की जास्त. इंच किती हे विचारायचंच नाही, याच्या किती पट ते, एवढंच. कोपर वाकलं की माप बदललं, हे मात्र विसरू नका. तुमच्याकडं गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहतं तसंच आहे हे.

आणि कातरण. ब्लाऊज कापून उचलला की टेबलावर जे कापड उरतं, त्यातही ब्लाऊजाचाच आकार असतो. चित्रकलेत हीच युक्ती फार मोठी मानतात. तांब्याकडं बघूच नका, त्याच्या मानेशेजारच्या रिकाम्या जागेकडं बघा. गळ्याखाली आणि पोटाच्या वर जो खळगा आहे, तो किती खोल आहे, कुठं सुरू होतो, कुठं संपतो? तो खळगा काढा. तांब्याला नाव आहे, खळग्याला नाव नाही, म्हणून त्याचं तयार चित्र डोक्यात नसतं आणि डोळ्याला कामाला लागावंच लागतं. मागं एक फिकट कापड टांगलंत तर सोपं जाईल. तुमच्या घरी अस्तराची काय कमी?

खोडरबराबद्दल. पाच वेळा खोडला म्हणता. कापडावर खडूची खूण चुकली तर पुसत बसता का? शेजारी दुसरी मारता आणि कोणती धरायची ते लक्षात ठेवता. तसंच करा. पहिल्या रेघा इतक्या फिकट मारा की त्या चुकल्या तरी लाज वाटू नये, आणि बरोबरची रेघ त्यांच्यावरच मारा. शेवटी खोडलं तर खोडलं. चुकलेली शिलाई तुम्ही मुकाट्यानं उसवता, त्याचं दुःख करत नाही. पेन्सिल हातात आली की मात्र प्रत्येक चुकीचं सुतक.

सावलीचं आत्ताच डोक्यात घेऊ नका. दहा-बारा तांबे झाले की डोळे बारीक करून बघा. बारीकसारीक सगळं जातं आणि नुसता उजेड-काळोख उरतो. चकाकतं तिथं काहीच करायचं नसतं, कागद कोरा सोडायचा. पुढचं सर सांगतील.

असे वीस तांबे काढा. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. प्रत्येकावर तारीख घाला. फाडायचं नाही आणि दाखवायचंही नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तर मुळीच नाही. लोक वाईट म्हणतील म्हणून सांगत नाही, छान म्हणतील म्हणून सांगतोय. त्या निसर्गचित्राला घरचे छान म्हणाले तेव्हा तुम्हाला कसं वाटलं ते तुम्हीच लिहिलंय.

तिथून क्लासवर येतो. सर तुमच्या कागदावर हात चालवतात यात त्यांची नियत वाईट नसते. पालकांना घरी न्यायला नीटनेटकं चित्र लागतं आणि पोरांनाही त्याचं काही वाटत नाही. मीही करत होतो. दोन डोंगर, मधून सूर्य, नागमोडी नदी, कडेला झोपडी आणि एक नारळ, हे चित्र मी खानापूरच्या पोरांकडून इतक्यांदा काढून घेतलं की शेवटी लाज वाटायला लागली. खानापूर तालुक्यात एवढं जंगल, लाल माती, कौलारू घरं आणि पोरं काढतायत कुठल्या तरी कार्डावरचा सूर्य! तुम्ही सरांना सरळ सांगा, "सर, माझ्या कागदावर नको, बाजूच्या कागदावर दाखवा, मी माझ्या कागदावर करते." चांगला शिक्षक असेल तर त्याला उलट बरं वाटेल. नाही वाटलं तर दुसरा क्लास शोधायला हरकत नाही, मुलीला वाईट वाटेल म्हणून बसून राहू नका. दुसरं सांगा, की मला कार्ड नको, वस्तू द्या. कार्डात आणि मोबाइलच्या फोटोत गोलाचं सपाट करायचं काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. शिकायचं तर नेमकं तेच आहे.

वेळेचंही विचारा. शाळा सुटेपर्यंत, म्हणजे दुपारी दोन ते चार, असे क्लास बहुधा रिकामे असतात. तुमच्या गल्लीत आणखी दोघी-तिघी अशा असणार, ज्यांच्या वहीवर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं आहे. तिघी मिळून गेलात तर सर आनंदानं दुपारची बॅच काढतील. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला द्या. लगीनसराईत आणि दिवाळीच्या आधी तुम्हाला मान वर करायला सवड नसते. त्या महिन्यांत क्लास बंद ठेवायचा, तो बुडाला असं म्हणायचं नाही.

दुपारची बॅच नाहीच जमली तर पोरांत बसा की. मी निवृत्त झाल्यावर पेटी शिकायला गेलो. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावाशेजारी जन्म काढून पेटीला कधी हात लावला नव्हता. शेजारी सहावीतलं पोरगं. त्याची बोटं पावसाच्या सरीसारखी आणि माझी करंगळी दर वेळी चुकीच्या पट्टीवर. दोन आठवडे मला वाटायचं, ते मनात हसतंय. तिसऱ्या आठवड्यात ते वाकून म्हणालं, "आजोबा, ती काळी नाही, शेजारची पांढरी." आणि परत आपल्या वाजवण्यात गुंग. पोरांना आपल्याकडं बघायला वेळ नसतो हो. "तुमचं पोरगं कुठाय" हे त्या मुलानं खरंच जाणून घ्यायला विचारलं असेल, त्यापलीकडं काही नाही. मला अजून 'सा' ते 'सा' धड येत नाही. जातो.

चष्म्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांनी चित्र सोडलं ते चष्म्यापायी, आणि त्यांना वाटलं आपल्यात कलाच नाही. जवळच्या चष्म्यानं लांबचं धूसर होणार, त्याला इलाज म्हणजे कागदच लांब न्यायचा. मांडीवर वही ठेवून वाकून काढू नका. एक हलकी फळी घ्या, कागदाला वर दोन चाप लावा, फळीचं खालचं टोक मांडीवर आणि वरचा भाग टेबलाच्या कडेला टेकवून तिरपी उभी करा. कागद हाताच्या अंतरावर गेला की चष्मा नाकावर जरा खाली ओढून कागद काचेतून आणि तांब्या काचेवरून बघता येतो. आमचे जुने शिंपी असंच बघायचे, आठवतं का? नाहीच जमलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला हाताच्या अंतरावरचं आणि सहा फुटांवरचं आळीपाळीनं बघायचंय. फळी तिरपी करण्याचा आणखी एक फायदा आहे. कागद सपाट ठेवला की त्याची वरची बाजू डोळ्यांपासून लांब जाते आणि चित्र नकळत वरच्या अंगाला ताणलं जातं. तुमचा तांब्या पडण्यात त्याचाही थोडा हात असेल. उजेड डावीकडून घ्या, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली रेघेवर पडणार नाही. अर्थात उजव्या हातानं काढत असाल तर.

लोअर ग्रेडचं मी एका वाक्यात सांगतो, बसू नका. आपल्याकडं लोअर-हायर, सीमेपलीकडं महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट, दोन्हीकडं मी पोरं बसवली आहेत. पोरांना त्याचा उपयोग होतो. तुम्हाला त्या सर्टिफिकेटानं ब्लाऊजाची शिलाई वाढवून मिळणार आहे का? परीक्षा आली की तुम्ही परत नीटनेटकं काढायला लागाल. तारीख समोर असल्याशिवाय काम होत नाही असा स्वभाव असेल तर गोष्ट वेगळी. पण गिऱ्हाइकांच्या तारखा तुमच्या डोक्यावर काय कमी आहेत?

नणंदबाईंना उत्तर द्यायची गरज नाही, तरी एक सांगतो. दिवाळीत आपल्या बेळगावच्या गल्ल्यांतून किल्ले करतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे बाप्ये गुडघाभर चिखलात उभं राहून बुरूज थापतात, रात्रभर तटबंदी रंगवतात. शिवजयंतीच्या चित्ररथाला तर आख्खी मंडळं खपतात. त्यांना कुणी विचारत नाही, या वयात माती खेळून काय करूलाय? मग बाईमाणसानं वीस मिनिटं पेन्सिल धरली की वय कुठून येतं? नणंदबाई रांगोळी चांगली काढत असतील तर त्यांना एक दिवस शेजारी बसवा आणि तांब्या द्या. नंतर त्या तुमच्या बॅचला येतील किंवा गप्प बसतील. अशा पत्राच्या उत्तरात टागोरांनी साठीच्या पुढं चित्रं काढायला घेतली हे सांगायची रीत आहे. ते खरं आहे, पण टागोर ते टागोर. तुम्हाला प्रदर्शन मांडायचं नाही, तांब्या बसवायचाय.

बघायला मात्र जा. बेळगावला चित्रकलेचं घराणं आहे आणि निम्म्या बेळगावला ते ठाऊक नाही. के. बी. कुलकर्णी इथंच शाळेत चित्रकला शिकवत होते. व्यक्तिचित्रात आणि निसर्गचित्रात त्यांचा हात असा होता की लांबून लोक बघायला यायचे. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघाच्या कलादालनाला कुलकर्णी सरांचंच नाव दिलंय. तुमच्या क्लासहून चालत जाण्यासारखं. प्रदर्शन लागलं की जा, पण सगळी चित्रं बघू नका. एकच निवडा आणि नाक लागेल इतक्या जवळ जा. जलरंग असेल तर रंगाखाली पेन्सिलीच्या रेघा दिसतील, त्यात चुकलेल्याही दिसतील, शेजारी दुसरी मारलेली दिसेल. मोबाइलवर हे कधी दिसत नाही. आणि फेब्रुवारीत सवड मिळाली तर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली वही घेऊन बसा. फिरायला येणारे मान वाकवून बघतील. एकदोन जण तुमच्याशी के. बीं.च्या आठवणी काढतील आणि तुमचा अर्धा तास जाईल, तेवढं सोसा.

आता सामान. तांब्यासाठी दोन पेन्सिली पुरतात, एक एचबी आणि एक ४बी. एक मऊ खोडरबर आणि साध्या कागदाची जाड वही. महागाचा कागद आणला की हात बिचकतो. तुम्हीही नवं डिझाइन पहिल्यांदा भारीच्या खणावर कापत नाही, जुन्या चादरीवर कापता. रंगांची पेटी आत्ता कपाटात ठेवा. एक तर घाई नाही, आणि दुसरं म्हणजे हा आपला पावसाळा. आषाढ-श्रावणात कागद नुसता ठेवला तरी सादळतो, जलरंगाचा पहिला हात वाळायच्या आत संध्याकाळ होते, आणि ओल्यावर दुसरा हात दिला की सगळा चिखल. दसरा झाला, हवा कोरडी पडली की पेटी काढा. २४ पैकी पाच बाहेर ठेवा: एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा, मातकट पिवळा येलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. बर्न्ट सिएना म्हणजे आपली खानापूरची माती आणि कौलं. त्यात अल्ट्रामरीन मिसळला की पावसाळी ढगाचा करडा रंग मिळतो, म्हणून काळ्याची ट्यूब उघडूच नका. काळ्यानं चित्र मरतं, असं माझं मत आहे. काही मोठे चित्रकार काळा वापरतात, त्यांना वापरू दे.

म्हणजे जायचं. या रविवारीच जा, सोबत घरचा तांब्या घेऊन जा आणि सरांना तो वर-खाली करून दाखवा. पाचवा रविवार का चुकला याचा खुलासा देत बसू नका, लगीनसराई होती म्हणा. आषाढात लगीनसराई कुठली, असं ते विचारणार नाहीत, चित्रकलेचे मास्तर आहेत.

लाकडी स्टँड परत करायची मुदत गेली नसेल तर परत करा. गेली असेल तर मशीनशेजारी ठेवा आणि अस्तर लावून झालेले ब्लाऊज त्यावर टाका. चित्राला तो निदान वर्षभर लागणार नाही.